मार आतून, तडा बाहेर!

फायबरच्या स्पोर्ट्स कारला गंज लागत नाही, हे अगदी खरं. पण तिच्या मडगार्डवर उमटणारी एक बारीकशी 'चांदणी' भल्याभल्या मालकांची झोप उडवते. ही चांदणी येते कुठून, ती रंगाखाली दडपली तर काय होतं आणि ती कायमची घालवायची कशी? त्याचीच ही गोष्ट. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने फायबर करणाऱ्यांनी तर शेवटपर्यंत वाचायलाच हवी!

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युरोप नाहीतर अमेरिका येते. पण मांडव्याच्या जेट्टीवर उतरून जिथे आपण वीकेंडला जातो, त्या अलिबागमध्येही स्पोर्ट्स कार बनली आहे, हे किती जणांना माहितेय? चिंकारा मोटर्सची 'रोडस्टर'. दोन सीट, छप्पर नाही, फायबरची बॉडी आणि पुढे चक्क आपल्या अँबॅसेडरमध्ये बसायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. रूप मात्र ब्रिटिश. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७मध्ये आणलेल्या 'लोटस सेव्हन'च्या वळणावर गेलेलं. लांब नाक, बुटकी बॉडी आणि बॉडीच्या बाहेर आलेली चाकं.

फायबरच्या गाड्यांचा भारतातला इतिहास त्याहून जुना आहे. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या सिपानी कंपनीची छोटी 'डॉल्फिन' रस्त्यावर होती. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली ही गाडीही फायबरचीच. पुढे सॅन मोटर्सची दोन सीटची 'स्टॉर्म' आली, तिच्यात रेनॉचं इंजिन होतं. या गाड्या रस्त्यावर फार दिसल्या नाहीत. पण ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या जिवापाड जपल्यात. जपणं भागच आहे. मारुतीचं मडगार्ड ठोकलं गेलं तर शोरूममधून नवं मागवता येतं. या गाड्यांचं मडगार्ड कुठून मागवणार? जे आहे तेच दुरुस्त करायचं. म्हणूनच ते नीट दुरुस्त करण्याला इतकं महत्त्व आहे.

फायबरच का?

सोपं गणित आहे. पत्र्याची बॉडी बनवायची तर भलेमोठे प्रेस आणि त्यांचे डाय लागतात. त्यांचा खर्च हजारो गाड्या विकल्या गेल्या तरच वसूल होतो. फायबरला मात्र एक साचा, काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिन आणि कसबी हात असले की काम भागतं. म्हणून छोट्या कंपन्यांना फायबर परवडतं. शेवरलेने १९५३मध्ये पहिली कॉर्व्हेट काढली तेव्हा तीही फायबरचीच होती. त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या हाताने बांधल्या गेल्या, सगळ्या पांढऱ्या. लोटसने तर १९५७च्या 'एलिट'मध्ये वेगळी चासी न देता अख्खा सांगाडाच फायबरचा केला होता. वजन कमी म्हणजे वेग जास्त, हा चॅपमन यांचा हिशेब.

फायबर आपल्यालाही नवं नाही. कोकणातल्या मच्छीमार होड्या, मंडळांच्या मोठ्या मूर्ती, गच्चीवरच्या शेड्स, बुलेटचे साइड बॉक्स, सगळीकडे तेच तंत्र. साच्यात आधी जेलकोटचा थर, त्यावर मॅट, मॅटवर रेझिन, पुन्हा मॅट. वाळलं की साच्यातून काढायचं. बाहेरून जो गुळगुळीत, चकचकीत थर दिसतो तो जेलकोट. तो कडक असतो, आणि इथेच मेख आहे. कडक गोष्ट वाकत नाही, तडकते.

चांदणीचं कोडं

गाडीच्या चाकावर जी कमान असते तिला इंग्रजीत व्हील आर्च म्हणतात. गॅरेजमध्ये तिचं नाव सरळ मडगार्ड. अख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त मार खाणारी हीच जागा. टायरच्या खाचांमध्ये खडी अडकते, चाक फिरलं की ती सुटते आणि गोफणीतल्या दगडासारखी मडगार्डच्या आतल्या बाजूवर आदळते. रुंद, मऊ रबराचे टायर असतील तर खडी आणखी चिकटते. स्पोर्ट्स कारचे टायर नेमके तसेच असतात.

पत्र्याच्या गाडीत अशा वेळी फार तर बारीकसा पोचा पडतो, आणि आजकाल मध्ये प्लास्टिकचं अस्तरही असतं. फायबरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हे अस्तर एकतर नसतंच किंवा अर्धवट असतं. समोर उरतं ते काही मिलिमीटर जाडीचं फायबर. खडी आतून लागली की ते क्षणभर बाहेर फुगतं आणि परत जागेवर येतं. आतल्या मॅटला हे वाकणं झेपतं, कारण तिच्यात धागे आहेत. बाहेरचा जेलकोट आणि त्यावरचा रंग मात्र ताणला जातो आणि तडकतो. एका बिंदूतून चहूबाजूंना बारीक रेषा. हीच ती चांदणी.

गंमत म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गाडीला काहीतरी मारलं. पार्किंगमधल्या पोरांवर संशय, वॉचमनशी भांडण! पण एका बिंदूतून फुटलेल्या किरणांसारख्या रेषा असतील तर बहुतेक वेळा मार मागून बसलेला असतो. बाहेरून ठोसा बसला तर गोल गोल, कड्यांसारख्या रेषा जास्त दिसतात. आणि एकमेकींना समांतर रेषा असतील तर तिथलं फायबर सतत वाकतंय, त्याला आधार कमी पडतोय असं समजायचं. म्हणजे तड्याचा आकारच त्याचं कारण सांगतो. डिटेक्टिव्ह कथांची आवड असणाऱ्यांसाठी हे कामच भारी आहे!

चौथा संशयित म्हणजे नटबोल्ट. सेव्हनच्या पद्धतीच्या गाड्यांमध्ये मडगार्ड बोल्टवर बसवलेलं असतं. कुणी जोर लावून बोल्ट करकचून आवळला की भोकाभोवती तडे जातात. त्यात समुद्रकाठची हवा. फायबर गंजत नाही, पण बोल्ट गंजतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालच्या फायबरला फाडतं. उपाय अगदी स्वस्त आहे. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, मोठा वॉशर, त्याखाली रबराचा वॉशर आणि आवळताना हात जरा हलका.

'लांबी मार, रंग मार' का चालत नाही?

आपल्याकडे गॅरेजची सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे लांबी. पोचा असो, चीर असो, वर लांबी भरायची, घासायची आणि रंग मारायचा. गाडी घेऊन जाताना मालक खूश. फायबरच्या तड्यावर हे केलं तर ती खुशी फार टिकत नाही. लांबीखालचा तडा तसाच जिवंत असतो. गाडी हलली, ऊन-पावसाने फायबर थोडं आकसलं-प्रसरलं, की तोच तडा लांबीतून आणि नव्या रंगातून पुन्हा वर येतो. त्याच जागी, त्याच आकारात!

पावसाळ्यात हे प्रकरण आणखी चिघळतं. तड्यातून पाणी आत शिरतं. उघड्या पडलेल्या काचेच्या धाग्यांच्या कडेकडेने ते आत पसरत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. मग ऊन पडलं की आतली ओल वर येऊ पाहते आणि रंगाला फोड येतात. मालकाला वाटतं, रंग खराब होता. दोष असतो रंगाखालच्या कामाचा. खर्च दोनदा होतो आणि दर वेळी घासण्यात मूळ फायबर थोडं थोडं पातळ होत जातं, ते नुकसान वेगळंच.

मग नीट काम कसं होतं?

पहिली पायरी धुण्याची. मडगार्डच्या आतला चिखल, ऑइल, जुनं डांबरी कोटिंग सगळं काढायचं. आतून स्वच्छ केल्याशिवाय मार नक्की कुठे बसलाय ते कळतच नाही. मडगार्ड सुटं होत असेल तर काढून टेबलावर घेतलेलं उत्तम. लोटसच्या 'एलिस'सारख्या गाडीत ही चैन नाही. तिचा पुढचा अख्खा भाग एका सलग तुकड्याचा, मागचाही तसाच. त्यामुळे चाकाजवळच्या एका तड्यासाठी केवढा मोठा तुकडा सांभाळावा लागतो!

दुसरी पायरी रंग काढण्याची. इथे मोह होतो पेंट रिमूव्हर लावायचा. पत्र्यावर ते चालतं. फायबरवर मात्र साधं रिमूव्हर रंगाबरोबर जेलकोट आणि रेझिनलाही खातं, वर सच्छिद्र जागेत मुरून बसतं आणि नंतर नव्या रंगाला खालून उचलतं. म्हणून पॉलिश पेपर आणि हात. वेळ लागतो, दुसरा शॉर्टकट नाही.

तिसरी पायरी मनाला सगळ्यात कठीण वाटणारी. तडा बुजवायचा नाही, आधी मोठा करायचा! केसासारख्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी जेलकोट घासत, कडांना उतार देत, खालच्या चांगल्या मॅटपर्यंत जायचं. रेषेची शेवटची टोकंही सोडायची नाहीत, कारण राहिलेलं टोकच पुढे पुन्हा धावतं. उथळ बशीसारखा आकार झाला की नव्या फायबरला धरायला भरपूर जागा मिळते.

आता एक साधा नियम लक्षात ठेवा. उघडं फायबर कायम कोरडं घासायचं. वॉटर पेपरची पाळी प्रायमर बसल्यानंतरच. उघड्या धाग्यांवर पाणी मारलं की तीच वातीची गोष्ट पुन्हा सुरू होते. याच कारणासाठी हे काम भर पावसात काढू नये. दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

चौथी पायरी आतून भरणीची. मार जिथून येतो तिथेच ताकद द्यायची. मडगार्डच्या आतल्या बाजूला, तड्याच्या बरोबर मागे, जागा खरखरीत करून मॅटचे एक-दोन थर रेझिनने बसवायचे. पांढरी मॅट रेझिन प्यायली की पारदर्शक होत जाते, हे बघायला मजा येते. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे रेझिन पोचलेलं नाही किंवा हवा अडकली आहे. रोलर फिरवून ती हवा बाहेर काढायची. बाहेरच्या बशीत मात्र बारीक, पातळ मॅट वापरायची. जाड मॅटची वीण नंतर रंगातून उमटते.

पाचवी पायरी थांबण्याची. रेझिन तासाभरात कडक लागतं, पण आतून ते पुढे बरेच दिवस आकसत असतं. घाईने रंग मारला तर महिन्याभरात दुरुस्तीच्या जागेची बाह्यरेषा नकाशासारखी वर दिसायला लागते. म्हणून तुकडा काही दिवस उन्हात ठेवायचा. आपल्या उन्हाचा असाही उपयोग! मग उरलेल्या बारीक खड्ड्यांना लांबी. हो, लांबीला जागा आहेच, पण सगळ्यात शेवटी आणि अगदी पातळ.

त्यानंतर प्रायमर, घासणं, पुन्हा प्रायमर, आधी ४०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर, रंग आणि वर क्लिअर कोट. रंग जुळवणं ही वेगळीच कला. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग डब्यावरच्या रंगाशी जुळतच नाही. त्यामुळे पेंटर मूळ गाडी शेजारी ठेवून, थेंबाथेंबाने रंग मिसळत नजरेने जुळवतात. पॅनलच्या मध्येच रंग थांबवला तर जोड दिसतो, म्हणून क्लिअर कोट पॅनलच्या कडेपर्यंत न्यायचा. आणि 'रंगवतोच आहोत तर लाल करू या' असा विचार मनात आलाच, तर लक्षात असू द्या, आरसी बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते. रंग बदलला तर आरटीओत तशी नोंद करावी लागते.

रंगानंतरचं खरं काम

इथे बहुतेक जण थांबतात. गाडी चमकली, फोटो काढले, इन्स्टावर टाकले, संपलं! पण खडी तर उद्याही उडणारच आहे. मडगार्डच्या आत काहीच केलं नाही तर पुढची चांदणी येणारच.

आतून संरक्षण द्यायचे तीन मार्ग आहेत. पहिला, रबरासारखं लवचीक कोटिंग. ते खडीचा मार स्वतःत जिरवतं. मात्र साधं डांबरी कोटिंग जाडजूड थापणं हे संरक्षण नव्हे. ते कालांतराने कडक होतं, त्याला भेगा पडतात, भेगांत ओला चिखल बसतो आणि खाली काय चाललंय ते दिसतही नाही. दुसरा मार्ग, प्लास्टिकचं सुटं अस्तर. अस्तर आणि फायबर यांच्यात बोटभर जागा सोडली तर मार फायबरपर्यंत पोचतच नाही. फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून टायर अस्तराला घासत नाही ना, ते आधी बघायचं. तिसरा मार्ग बाहेरच्या बाजूचा, पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. मागच्या चाकाच्या पुढची कड सगळ्यात जास्त सोलते, कारण पुढच्या चाकाने उडवलेली खडी तिथेच येते. तेवढ्या पट्ट्याला फिल्म लावली तरी बराच फरक पडतो. पण फिल्म बाहेरच्या रंगाला वाचवते, आतून येणारा मार ती थांबवू शकत नाही. म्हणून आधी आतलं काम, मग फिल्म.

एवढं केल्यावर पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा चाकं काढून मडगार्ड आतून धुवायचं आणि टॉर्च मारून बघायचं. दहा मिनिटांचं काम. कोटिंगचा उडालेला टवका वेळेत दिसला तर चांदणी उमटण्याआधीच तिथे हात मारता येतो.

आणि हात मारणाऱ्याचं काय?

या सगळ्यात एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. घासताना उडणारी पांढरी धूळ म्हणजे काचेचे बारीक तुकडे. ती अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते, श्वासातून आत गेली की घसा आणि फुप्फुसं सोलते. पण आपल्या शहरांच्या कडेला फायबरचं काम करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये डोकावून बघा. तोंडाला रुमाल, पायात स्लीपर आणि उघडे हात. रुमालाने धूळ थोडी अडते, वाफ अजिबात अडत नाही. रेझिनच्या त्या उग्र वासात स्टायरीन असतं, डोकं दुखतं आणि गरगरतं ते त्याच्यामुळे. दोन भाग मिसळून मारायच्या टूके रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा जडला की नंतर थोडासा फवाराही सहन होत नाही.

हे फक्त 'त्यांचं' दुखणं आहे असं समजू नका. बाजा, सुप्रा किंवा फॉर्म्युला भारतसाठी गाडी बनवणाऱ्या किती कॉलेज टीम्स आपल्या गाडीचं नाक वर्कशॉपच्या कोपऱ्यात स्वतःच करतात! स्पर्धा जवळ आलेली, रात्रीचे दोन वाजलेले, दारं बंद आणि आत रेझिन. अशा वेळी पुढच्या चार गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा.

एक. हार्डनर आणि कोबाल्ट कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर टाकायचं. बाजारातल्या बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच मिसळलेलं असतं, म्हणून विकत घेताना विचारून घ्या.

दोन. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. गॉगल हवाच. शेजारी स्वच्छ पाणी हवं. थेंब उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

तीन. हार्डनर साधारण रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. 'लवकर वाळू दे' म्हणून वाढवलं की मिश्रण तापतं, डब्यातून धूर निघतो आणि तुकडा ठिसूळ होतो. डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका, वजनकाटा वापरा.

चार. धुळीला धुळीचा मास्क, वाफेला कार्बन कार्ट्रिजचा मास्क आणि टूके रंगाला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क असलेलं पेंट बूथ. ते नसेल तर रंग बाहेर देऊन करून घ्या. आणि ज्याला देताय, त्याच्याकडे तरी मास्क आहे का, ते विचारा.

हा शेवटचा प्रश्न प्रत्येक गाडीमालकाने विचारायला हवा. लाखमोलाच्या गाडीवर हौसेने खर्च करताना एका चांगल्या मास्कचे पैसे बिलात घातले तर कुणाचं काही बिघडत नाही. उलट ज्यांच्या हातात हे कसब आहे त्यांची संख्या कमीच आहे. या गाड्यांचं मडगार्ड नवं मिळत नाही, तसाच हा कारागीरही सहजी नवा मिळत नाही.

बाकी, पुढच्या वेळी कुठे एखादी फायबरची सुंदर गाडी दिसली, तर तिच्या चमकत्या बॉनेटसोबत सेल्फी जरूर काढा. पण मग खाली वाकून चाकाच्या आतही एकदा डोकावा. ती गाडी किती टिकणार, ते तिथे दिसतं.